हे किती दिवसांसाठी?

आज सकाळी भाच्याच्या वसतिगृहात जाऊन पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर पालक म्हणून सही करून आलो आणि तेव्हापासून डोके ठिकाणावर नाही. पोराचा अपराध असा की त्याने रात्री खोलीत कॉइल लावून मॅगी शिजवली. ताई आणि भाऊजी गावी कांद्याच्या काढणीत अडकलेले, त्यामुळे बोलावणे मामाला आले. हमीपत्र आधीच टाइप करून ठेवलेले होते: यापुढे माझ्याविरुद्ध कोणतीही तक्रार आल्यास मला पूर्वसूचना न देता काढून टाकावे व त्याबाबत माझे काहीही म्हणणे राहणार नाही. मी रेक्टरना विचारले, "हे किती दिवसांसाठी?" त्यांना प्रश्नच कळला नाही.

मला मात्र तो प्रश्न 1996 पासून कळतो. तेव्हा मी आवक-जावक टेबलावर नवा कनिष्ठ लिपिक होतो. एक पत्र गहाळ झाले, माझ्या नावाने सक्त ताकीद निघाली आणि साहेबांनी हिरव्या शाईत शेवटी एक ओळ वाढवली, "यांच्या वर्तणुकीवर लक्ष ठेवावे." कधीपर्यंत, ते लिहिले नाही. पत्र तीन आठवड्यांनी दुसऱ्याच शाखेच्या कपाटात सापडले. ती ओळ मात्र माझ्या कागदांत तशीच राहिली.

आस्थापनेत काम केलेल्यांना यातली मेख माहीत आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांत ठपका ही शिक्षा आहे, वेतनवाढ रोखणे ही शिक्षा आहे, आणि शिक्षा असल्यामुळे तिच्यावर अपील करता येते. ताकीद त्या यादीतच नाही. म्हणजे ती शिक्षा नव्हे, म्हणून तिच्यावर दादही नाही, आणि तरीही पदोन्नतीच्या वेळी माझ्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्याचे बोट नेमके त्याच हिरव्या ओळीवर येऊन थांबले. अकरा वर्षांनी!

न्यायालयात दोषी ठरलेल्या माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतात ना, तिथेसुद्धा 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने तीन वर्षांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही पुढे त्याला चिकटू नये अशी तजवीज केली आहे. रॅगिंगसारख्या किळसवाण्या प्रकाराबद्दल मला काडीची दया नाही. पण आपल्या राज्याच्या 1999 च्या कायद्याने तिथेही दुसरीकडे प्रवेश घेण्यावरची बंदी पाच वर्षे अशी मोजूनच दिली आहे. आणि मॅगीला मुदत नाही! चोराला तारीख मिळते, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला मिळत नाही, आणि याला हे लोक "आम्ही सुधारण्याची संधी दिली" असे म्हणतात. ज्या संधीत "माझे काहीही म्हणणे राहणार नाही" असे आधीच लिहून घेतले जाते, ती कसली संधी?

कॉइलमुळे आग लागू शकते, हे मान्य. शंभर पोरांची जबाबदारी रेक्टरांच्या डोक्यावर आहे, हेही मान्य. दंड घ्या, कॉइल जप्त करा, सहा महिने नजर ठेवा. पण सहा म्हणा, आणि सातव्या महिन्यात तो कागद फाईलमधून काढा.

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे, तेव्हा हेही सांगतो की रेक्टर माणूस वाईट वाटला नाही. त्यांनी चहा पाजला, आणि जाताना हळूच म्हणाले की असला कागद त्यांच्याकडूनही संस्थेने लिहून घेतला आहे. बहुधा माझ्या त्या साहेबांकडूनही कोणीतरी घेतला असेल. भाचा मात्र कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता, आणि जिना उतरताना त्याने एवढेच विचारले, "मामा, मित्रांच्या खोलीत बसलो तर चालेल का?"

सही केली, कारण परीक्षा तोंडावर आहे. पण तिथल्याच टेबलावर बसून, हमीपत्राची मुदत तारखेनिशी लेखी कळवावी, असा अर्ज लिहिला, कार्यालयात दिला आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला. शिक्का पुसट उमटला होता, म्हणून तिथल्या मुलीला पुन्हा मारायला लावला.