कोंबड्याला कसली लाज?

'अंगावर येणाऱ्या कोंबड्याला वठणीवर आणण्याचे पाच रामबाण उपाय' हा मेसेज महिनाभर व्हॉट्सॲपवर फिरतोय. मी दोनदा वाचून सोडून दिला होता. परवा गोव्यात डिचोलीला घरी गेलो, तर आई परसात आमच्या गावठी कोंबड्याचे दोन्ही पाय धरून त्याला उलटा लोंबकळवत उभी. चोच उघडी, पंख सैल. म्हणाली, "आतां बरो शाणो जालो, पळय." (आता चांगला शहाणा झाला, बघ.)

हा उपाय पहिला. सगळ्या कोंबड्यांदेखत दहा मिनिटे उलटा धरायचा, म्हणजे त्याला म्हणे लाज वाटते. अहो, पक्ष्याच्या छाती-पोटामध्ये आपल्यासारखा पडदा नसतो. उलटा केला की आतड्यांचा भार फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांवर येतो आणि श्वास घेणे जड जाते. गप्प पडतो तो भीतीने. घारीच्या तावडीतले पिल्लूही तसेच निपचित पडते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ काढून बघा: मारणे, लाथाडणे, नाहक यातना होतील अशा स्थितीत नेणे, सगळे गुन्ह्यात येते. पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये, हसू येण्याजोगा, पण गुन्हा तो गुन्हाच. दुसरा उपाय, 'एक सणसणीत लाथ', इथेच निकालात निघाला. शिवाय लाथ म्हणजे त्याच्या लेखी झुंजीचे आमंत्रण.

धरण्यात तथ्य आहे, एवढे कबूल करतो. पण पंख अंगाशी दाबून, सरळ काखेत धरायचा आणि तो निवळेपर्यंत परसात फिरायचे.

तिसरा उपाय: मिरची चारा, तोंड पोळेल. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागत नाही. आईच्याच झाडावरच्या पिकलेल्या लाल मिरच्या बुलबुल रोज खातात, ते तिला दिसत नाही का?

चौथा: पायामागे वाढणारा टोकदार काटा मुळापासून छाटा. आत जिवंत हाड असते, रक्त वाहते. फक्त टोक कानशीने बोथट करा, तेही रात्री, खुराड्यात. अंधारात तो मवाळ असतो. तोवर परसात गमबूट घाला आणि लहान मुलांना एकटे सोडू नका. काटा त्यांच्या डोळ्यापर्यंत पोचतो.

पाचवा, 'कोंबडा नसेल तर अंडी बंद', हा तर निव्वळ खोटेपणा. कोंबडा पिल्लांसाठी लागतो, अंड्यांसाठी नाही. उलट अशा तापट कोंबड्याची अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवूच नयेत, स्वभाव काही अंशी पिल्लांत उतरतो. सुधारलाच नाही तर शागुती, म्हणजे आमचे गोव्याचे कोंबडीचे कालवण, करा, माझी हरकत नाही. एका झटक्यात काय ते होऊ दे. रोज टांगून छळणे मात्र नको.

आईने सगळे ऐकून घेतले आणि कोंबडा खाली ठेवला. तो सरळ माझ्या पोटरीवर आला.

"श्रावण सोंपूं," आई म्हणाली, "मागीर पळोवया."