बोट गेलं तर गेलं, प्रीमियम वाचला पाहिजे

कामगारांच्या अपघात विम्याचं रिन्युअल आलं की काही मालकांचा चेहरा असा होतो की बघणाऱ्याला वाटावं बोट यांचंच मशीनमधे गेलं. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर लाजू नका, तुमच्यासारखे खूप आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाची खात्री आहे की आपल्याकडे अपघात होतच नाहीत, झालाच तर कामगाराच्या हलगर्जीपणामुळे होतो, आणि हलगर्जी माणसासाठी आपण का म्हणून पैसे भरायचे. म्हणून म्हटलं अनुभवी मालक मंडळी जे खासगीत करतात ते एकदा नीट लिहून काढावं, धंद्यात नवीन पडलेल्यांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट म्हणजे रडायला शिका, पण आकड्यात रडा. खर्चाची बेरीज करताना हात सैल सोडायचा. प्रीमियम तर घ्याच, वर सल्लागाराची फी, रजिस्टरं, ट्रेनिंगमधे गेलेला अर्धा दिवस, हेल्मेट, मशीनचे गार्ड, आग विझवायची सिलिंडरं, आणि जमलं तर पार्किंगमधे मारलेले पिवळे पट्टे पण त्यातच टाका. बेरीज दणदणीत झाली की मीटिंगमधे वाचून दाखवा आणि म्हणा, सांगा आता धंदा कसा करायचा. दुसऱ्या बाजूला मात्र काहीही मांडायचं नाही. अपघातानंतर मशीन किती तास बंद होतं, नवा माणूस तयार होईपर्यंत किती माल रिजेक्ट गेला, बाकीचे लोक पुढचे काही दिवस त्या मशीनजवळ जायला कचरत होते त्याचं काय, हे सगळं "इतर खर्च" मधे जातं आणि इतर खर्च कोणी वाचत नाही.

आता छोट्या मालकाचं रडणं खोटं नसतं, हे मात्र मान्य करायला पाहिजे. पाचशे माणसांच्या कंपनीत फॉर्म भरायला वेगळं डिपार्टमेंट असतं आणि पाच माणसांच्या वर्कशॉपमधे तोच फॉर्म मालक रात्री शटर ओढल्यावर भरतो, कामाच्या वर्गवारीच्या न संपणाऱ्या यादीत आपला माणूस नेमका कुठे बसतो ते शोधत बसतो, चुकलं तर दंड, उशीर झाला तर दंड, आणि पोर्टल बंद असलं तरी तारीख काही पुढे जात नाही. माणशी हिशोब केला तर कागदांचा बोजा लहान माणसावरच जास्त पडतो. पण हे तुम्ही फार ताणून बोलू नका, कारण त्यावर उपाय आहे, फॉर्म सोपा करा अशी मागणी करता येते आणि ती कधीतरी मान्य व्हायची भीती असते, मग प्रीमियम न भरायला कारण काय उरणार?

असो. पैसे वाचवायची सोपी जागा म्हणजे ती वर्गवारीच. बऱ्याच ठिकाणी प्रीमियम ठरतो पगाराच्या एकूण रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर. टेबलावर बसणाऱ्याचा दर किरकोळ, छपरावर चढणाऱ्याचा दर भरपूर. मग छपरावर चढणाऱ्याला टेबलावर बसवा, फक्त कागदावर. वेल्डर झाला कार्यालयीन सहाय्यक, क्रेनवाला झाला डेटा एंट्री ऑपरेटर, आणि ओव्हरटाइम रोखीत दिला की पगाराचा आकडा पण कसा आटोपशीर राहतो. वर्षाच्या शेवटी विमा कंपनीचा ऑडिटर येतो आणि विचारतो की चाळीस क्लार्क आहेत तर कॉम्प्युटर दोनच का, तेव्हा शांत राहायचं. आणि एखादा डेटा एंट्री ऑपरेटर हातात ग्राइंडर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून पडला तर फाइल आणायला वर गेला होता म्हणून सांगायचं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे कामगारच ठेवू नका. पार्टनर ठेवा. त्याला सांगा की तू आता नोकर नाहीस, स्वतःच्या धंद्याचा मालक आहेस, स्वातंत्र्य एन्जॉय कर. यायची वेळ तुमची, युनिफॉर्म तुमचा, दर तुम्ही ठरवणार, उशीर झाला तर पैसे तुम्ही कापणार, फक्त पाय मोडला की तो पाय पूर्णपणे त्याच्या मालकीचा. कोर्ट कधीकधी विचित्र वागतं, करारावर काय लिहिलंय ते सोडून कामावर ताबा कोणाचा होता ते बघत बसतं, पण केस तिथपर्यंत न्यायला त्या पार्टनरकडे पैसे आणि वेळ पाहिजे ना, आणि पाय मोडल्यावर त्याच्याकडे फक्त वेळच असतो.

तुमच्याकडे विमा आहे आणि तो गेल्या काही वर्षांच्या क्लेमवर महाग-स्वस्त होतो, तर मग अपघात कमी करायच्या भानगडीत पडू नका, त्यात मशीनला हात लावावा लागतो. नोंदी कमी करा. गेटवर मोठा बोर्ड लावा, "आज अपघाताविना इतके दिवस", आणि आकडा वाढला की सगळ्या टीमला बक्षीस जाहीर करा. पण कोणी एकाने जखम नोंदवली की सगळ्यांचं बक्षीस रद्द. मग तुम्हाला काहीच करावं लागत नाही, रक्त येत असलेल्या माणसाला त्याचेच सहकारी समजावतात की अरे एवढंसं तर आहे, फडकं बांध. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा खात्याला २०१६ साली नियमात स्पष्ट लिहावं लागलं की जखम नोंदवली म्हणून कामगाराला त्रास द्यायचा नाही आणि नोंदवताना तो कचरेल अशी पद्धत ठेवायची नाही, यावरून आयडिया किती चालते ते समजून घ्या. आणि अगदीच दवाखान्यात न्यावं लागलं तर गाडीत बसवताना प्रेमाने सांगा, डॉक्टरांनी विचारलं तर घरी पडलो म्हण, पगार कापणार नाही. पुढे जखम चिघळली, दोन टाक्यांचं काम ऑपरेशनपर्यंत गेलं, तर तो पगार किती दिवस कापायचा नाही हे तुम्ही बोलला नव्हतातच.

निवडायची सोय असेल तर अपघातापेक्षा आजार निवडा, हा माझा मनापासून सल्ला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२३ मधे आलेला अंदाज सांगतो की कामामुळे जगात वर्षाला साधारण २९ लाख माणसं मरतात, त्यात अपघाताने मरणारे सुमारे ३ लाख ३० हजार आणि बाकीचे जवळपास २६ लाख आजारांनी. अपघातात आवाज होतो, गर्दी जमते, कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढतो. धुळीचं तसं नाही. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर दिसायलाच वीस ते पन्नास वर्षं घेतो, तोवर माणूस रिटायर झालेला, कंपनीचं नाव बदललेलं, हजेरीची रजिस्टरं वाळवीने खाल्लेली. इतका समजूतदार धोका दुसरा नाही.

तरीही प्रकरण अंगावर आलंच तर दोष कामगारावर टाका. ही फार जुनी आणि खानदानी पद्धत आहे. इंग्लंडमधे १८३७ साली एका केसचा निकाल लागला. खाटकाच्या गाडीवर जास्त माल भरला होता, गाडी मोडली, बरोबर बसलेल्या पोऱ्याची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला १०० पौंड दिले, पण वरच्या न्यायाधीशांनी, लॉर्ड अ‍ॅबिंजर त्यांचं नाव, ते काढून घेतले. त्यांची काळजी अशी की उद्या मोलकरणीने ओलसर अंथरुणात झोपवलं म्हणून पण नोकर मालकावर दावा लावेल. पाच वर्षांनी अमेरिकेत तशीच केस आली, रेल्वेच्या एका इंजिन ड्रायव्हरचा हात गेला होता, रूळ बदलणाऱ्याच्या चुकीमुळे, तर कोर्ट म्हणालं की सहकाऱ्याच्या चुकीला मालक जबाबदार नाही आणि धोक्याच्या कामाचा पगार मुळातच जास्त असतो, धोक्याचे पैसे त्यातच आले. म्हणजे हाताचे पैसे पगारातच मिळाले होते, त्यानेच बाजूला काढून ठेवले नाहीत.

नंतर तर या पद्धतीला शास्त्राची साथ पण मिळाली. १९३० च्या दशकात हर्बर्ट हाइनरिक नावाच्या विमा कंपनीतल्या माणसाने सांगितलं की ८८ टक्के अपघात माणसांच्या चुकीच्या वागण्याने होतात. हा आकडा अजूनही ट्रेनिंगच्या स्लाइडवर फिरतोय. टीका करणारे म्हणतात की त्याने बघितलेली कागदपत्रं मुळात सुपरवायझर लोकांनीच भरलेली होती, आणि अपघाताचं कारण या रकान्यात स्वतःचं नाव लिहिणारा सुपरवायझर अजून जन्माला यायचाय. पण तुम्ही ते सोडा, फक्त ८८ लक्षात ठेवा. मशीनचा गार्ड कोणी काढला, कामगाराने काढला, विषय संपला. गार्ड लावून टार्गेट पुरं होत नव्हतं म्हणून काढला का, आणि टार्गेट कोणी दिलं होतं, याला फॉर्ममधे रकाना नाही.

या सगळ्यात एक अडचण आहे आणि ती तुम्हाला सांगायची की नाही याचा मी बराच विचार केला. हा विमा कामगारांच्या चळवळीने मालकाच्या बोकांडी बसवला असं तुम्हाला वाटतं ना? जर्मनीत १८८४ साली पहिला मोठा कायदा आणला तो तिथल्या चान्सलर बिस्मार्कने, आणि तो समाजवाद्यांच्या नावाने बोटं मोडणारा माणूस होता. सगळी वर्गणी मालकांनी भरायची असं तेव्हा ठरलं आणि आजही तिथे कामाच्या अपघाताचा विमा मालकच भरतात, उद्योग काही बुडाले नाहीत. अमेरिकेत १९१० च्या सुमाराला कारखानदारांची राष्ट्रीय संघटनाच अशा कायद्याच्या बाजूने बोलायला लागली होती. त्यांना एकदम माया सुटली होती असं नाही. झालं असं होतं की ओलसर अंथरुणाच्या निकालाने मालकांभोवती उभी केलेली भिंत पडायला लागली होती, एखादाच कामगार कोर्टात जिंकायचा पण जिंकला की ज्यूरी किती पैसे देईल याचा नेम नव्हता. म्हणून सौदा झाला. चूक कोणाची हे न विचारता कामगाराला ठरलेली, बेताची भरपाई मिळणार, आणि बदल्यात तो मालकाला कोर्टात खेचायचा हक्क बऱ्यापैकी सोडणार. म्हणजे तुम्ही ज्या प्रीमियमच्या नावाने खडे फोडताय त्यात तुमचंच कवच आहे, आणि कवच नको म्हणायची सोय पण टेक्सासमधे ठेवलेली आहे. तिथे खासगी मालकाने ही स्कीम घेतली नाही तरी चालतं. फक्त मग जखमी कामगार थेट कोर्टात येतो, आणि तिथे मालकाला थोडी चूक त्याचीही होती म्हणता येत नाही, सहकाऱ्याची होती म्हणता येत नाही, धोका माहीत असून काम घेतलं होतं असंही म्हणता येत नाही. तीन खानदानी बचाव एका झटक्यात गेले. पण प्रीमियम वाचला की नाही?

आणि वाचलेला प्रीमियम जातो कुठे म्हणाल तर तो कुठेच जात नाही, फक्त दुसऱ्याच्या वहीत चढतो. ओशाच्याच २०१५ च्या रिपोर्टमधे आहे की कामावरच्या दुखापती आणि आजारांच्या एकूण खर्चातला २१ टक्केच भाग या विम्यातून भरला जातो आणि निम्मा खर्च कामगार नि त्याच्या घरचे खिशातून करतात, उरलेला त्यांचा आरोग्य विमा आणि करदाते. म्हणजे कामगाराच्या बायकोने दागिने मोडले की तुमचा धंदा स्पर्धेत टिकला. त्या बाईला तुमच्या बॅलन्स शीटवर भागधारक म्हणून दाखवायला हरकत नाही खरं तर, पण मग डिव्हिडंड द्यावा लागेल.

न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने तिथला पहिला सक्तीचा भरपाई कायदा रद्द केला तो २४ मार्च १९११ ला, कारण काय तर चूक नसताना मालकाकडून पैसे घेणं म्हणजे त्याची मालमत्ता हिसकावणं. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरात ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, नवव्या मजल्यावरचा जिन्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता, १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. मालक दोघेही निर्दोष सुटले. मालमत्तेचा आगीचा विमा मात्र त्यांनी व्यवस्थित काढलेला होता आणि तो त्यांना मिळाला, नुकसानीपेक्षा जास्तच मिळाला असं सांगतात. मेलेल्यांच्या घरच्यांनी लावलेले दावे १९१४ मधे मिटले, माणशी ७५ डॉलरवर. प्राधान्यक्रम कसा ठेवायचा ते या दोघांकडून शिकावं.

तेव्हा कामगारांच्या विम्याची नोटीस आत्ता ड्रॉवरमधे सरकवा, तारीख उलटली की बघू. प्रेस मशीनच्या विम्याचा चेक मात्र आजच सही करून पाठवा, कारण मशीन मोडलं तर त्याला घरी पडलो म्हण असं सांगता येत नाही.