सही दोनदा घ्या, आणि दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्या

इकडे इंग्लंडमध्ये जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या ट्रेनिंगमध्ये डॉक्टर-पेशंटचं बोलणं व्हिडिओवर घेऊन ट्रेनरबरोबर बघायची पद्धत जुनीच आहे, आणि आता तिकडे भारतात मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या मित्रांच्या ग्रुपवर वाद पेटलाय, शिकवण्यासाठी ओपीडीत पेशंटचं असं शूटिंग करावं का, आणि कसं. एक पार्टी म्हणते चेहरा ब्लर करा, नाव काढा, झालं. दुसरी म्हणते ओपीडीत कॅमेराच नको. मला दोन्ही पटत नाही.

अहो, पेशंटशी बोलायला शिकवायचं तर चेहराच बघायचा असतो ना, कुठल्या प्रश्नाला बाई गप्प झाली, नजर कुठे गेली, तेच झाकलं तर दाखवणार काय? आणि झाकूनही आवाज राहतो, गाव, नवऱ्याची नोकरी, पहिल्या बाळंतपणाची हकीकत, ओळखीचा माणूस बरोब्बर ओळखतो. भारताच्या मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही असं आहे, पण ते फोटो आणि केस रिपोर्ट छापण्याबद्दल, ते व्हिडिओला कशाला लावताय.

इथली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे, पेशंटच्या संमतीची सही शूटिंगच्या आधी घेतात आणि तपासणी संपल्यावर परत घेतात. कारण आत जाताना आपण काय बोलून बसणार हे पेशंटलाच माहीत नसतं, खोकल्यासाठी आलेला माणूस उठता उठता दारूचं काढतो. नको म्हणाला की डिलीट. नाजूक जागेची तपासणी तर शूटच करत नाहीत. अर्थात इथेही सगळं गोड नाही, २०२० मध्ये कोविडमुळे जीपी होण्याची परीक्षाच अशा रेकॉर्डिंगवर झाली, प्रत्येकाला १३ केसेस द्यायच्या होत्या, आता ज्याचा निकाल त्यावर अडकलाय तो पेशंटला "तुमची मर्जी" कितपत मोकळेपणानं म्हणणार?

तिकडे हे दडपण कितीतरी जास्त. भारताचा २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा सांगतो संमती मुक्त हवी, विनाअट हवी, पण केसपेपर हातात धरून सकाळपासून रांगेत उभी असलेली बाई प्रोफेसरांना तोंडावर नाही म्हणेल का? म्हणून विचारणारा तपासणारा डॉक्टर नकोच, समाजसेवा अधीक्षकांनी नाहीतर सिस्टरनी विचारावं, डॉक्टर समोर नसताना. आणि शूटिंग डिपार्टमेंटच्या कॅमेऱ्यावर, रेसिडेंट डॉक्टरच्या मोबाईलवर अजिबात नाही, तिथून व्हॉट्सॲपवर जायला किती वेळ लागतो ते सगळ्यांना माहितीये.

"एवढा वेळ कुणाला आहे" असं ग्रुपवर लगेच आलंच. पण रोजची अख्खी ओपीडी कोण रेकॉर्ड करायला सांगतंय, आठवड्याला एक नीट घेतलेली केस मिळाली तरी क्लासला पुरते.