डेटोनाच्या त्या अपघातात चालक वाचला होता : एक खुलासा

शर्यतीतला ट्रक संरक्षक जाळीवर आदळून पेट घेतो, अशी एक चित्रफीत "चालक जागीच ठार" या मजकुरासह सध्या फिरत आहे. हा मजकूर चुकीचा आहे.

ही चित्रफीत अमेरिकेतील डेटोनाच्या अंडाकृती धावपट्टीवर १८ फेब्रुवारी २००० रोजी झालेल्या नॅसकार (अमेरिकेतील मोटार-शर्यतींची संघटना) ट्रक शर्यतीची, म्हणजे पिकअप प्रकारच्या ट्रकांच्या शर्यतीची, असून जळणारे वाहन जेफ बोडाइन यांचे आहे. इंजिन तुटून वेगळे झाले, पुढचा भाग उरलाच नाही, आणि कोलांट्या खात राहिला तो चालकाभोवतीचा पोलादी नळ्यांचा सांगाडा. त्यानेच त्यांना वाचवले. हाडे मोडली, भाजले, काही प्रेक्षकही जखमी झाले; तरीही त्याच वर्षीच्या मे महिन्यात बोडाइन पुन्हा शर्यतीत उतरले. २००२ च्या डेटोना ५०० या, त्याच धावपट्टीवरील मोटारींच्या प्रसिद्ध शर्यतीच्या निकालात तिसऱ्या क्रमांकावर त्यांचेच नाव आहे.

घोटाळा बहुधा तारखेमुळे झाला असावा, कारण बरोबर वर्षभराने, १८ फेब्रुवारी २००१ रोजी, याच धावपट्टीवर शर्यतीतील अपघातात चालक डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू झाला; मात्र ती मोटारींची शर्यत होती.

जिवंत बचावलेल्या माणसाला मृत ठरवणारा हा संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात ही दुरुस्ती द्यावी.