रोजचे फक्त 11 किलोमीटर तर चालायचेत?

दादा, माझ्या जीआर 20 च्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, मग चहा घेतला आणि परत वाचली तर लक्षात आलं की त्यातलं एक म्हणणं बरोबर आहे, ते शेवटी सांगते. उत्तर लांबणारे, सांभाळून घ्या.

तुम्ही म्हणता, जीआर 20, म्हणजे फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरची डोंगरातली पायवाट, साधारण 180 किलोमीटर, त्याला मी 16 टप्पे आणि वर 2 राखीव दिवस सांगते, म्हणजे रोजचे जेमतेम 11 किलोमीटर, आणि एवढ्याशासाठी आधीपासून हट (वाटेवरची मुक्कामाची घरं) बुक करायला लावून लोकांना उगाच घाबरवते. अलंग-मदन-कुलंगसारखे अवघड किल्ले वीकेंडला मारणारा माणूस हे 10 दिवसांत काढेल, जागा नसली तर आपण गुहेत झोपतो तसं कुठेतरी पडू. बरोबर ना?

आता किलोमीटरचं बघा. तुम्ही नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय असं लिहिलंय. बेलपाड्यातून त्या उभ्या घळीने वर जाताना किलोमीटर किती झाले हे कोणी विचारतं का हो? तिथे तास मोजतात. इथेही तेच, पाट्यांवर आणि गाइडबुकात तासच असतात. चौथा टप्पा, आस्को ते तिज्जेत्तू, नकाशावर 10 किलोमीटरसुद्धा भरत नाही. पण आस्को आहे 1,422 मीटरवर आणि वाट जाते पॉइंट देझेबुलीला 2,607 मीटरवर, आधी कातळ, साखळ्या धरून चढायचं, मग नुसता सुट्या दगडांचा घसारा, आणि पलीकडे तेवढाच गुडघे काढणारा उतार. आम्हाला साडेनऊ तास लागले आणि आम्ही काही रांगत नव्हतो. पूर्वी वाट सर्क द ला सोलित्यूद नावाच्या उभ्या कड्यांच्या खळग्यातून जायची, 2015 च्या जूनमध्ये तिथे दरड कोसळून 7 जण गेले, तेव्हापासून ती बंद आणि ही वरची चालू. म्हणजे नळीची वाट करा, रात्री सातला पास्ता खाऊन झोपा, पहाटे उठून पुन्हा नळीची वाट, असं पहिला आठवडाभर, पाठीवर 11-12 किलोची सॅक घेऊन. आणि 2,607 म्हणजे काय विशेष, रूपकुंड त्याच्या जवळपास दुप्पट, असं तुम्ही म्हणाल तर ते खरंच आहे, पण इथे विरळ हवेचा प्रश्नच नाही, प्रश्न हातपायांचा आणि आभाळाचा आहे.

आभाळाचं खास सांगते कारण 10 दिवसांचा प्लॅन नेमका इथे फसतो. 16 टप्पे 10 दिवसांत बसवायचे म्हणजे 6 दिवस तरी डबल टप्पा. डबल टप्पा म्हणजे दुपारी तीनला तुम्ही डोंगराच्या धारेवर. आणि उन्हाळ्यात तिथे गडगडाट होतो तो बहुतेक दुपारीच, समुद्रातून एकदम उठलेले डोंगर आहेत ते. म्हणून लोक अंधारात बॅटरी लावून निघतात आणि दोनच्या आत हटवर टेकतात. 18 ऑगस्ट 2022 ला तर सकाळीच वादळ आलं, वारा ताशी 200 किलोमीटरच्या वर, बेटावर माणसं मेली. अशा दिवशी हटवरच बसून राहायचं असेल तर हातात राखीव दिवस लागतो, म्हणून ते 2 दिवस. आराम म्हणून नाही टाकले.

तुम्ही ही अख्खी वाट धावत काढण्याच्या 2021 च्या विक्रमाची लिंक टाकलीत, 30 तास 25 मिनिटं. तो करणारा लॅम्बेर सांतेली कॉर्सिकाचाच, तिथल्या डोंगरात वाढलेला. आपल्याकडच्या वाटाड्याच्या पोराशी शर्यत लावाल का तुम्ही?

कुठेतरी पडू हे तर विसराच. वाटेवर कुठेही टेंट ठोकायला बंदी आहे, टेंट हटच्या आवारातच, आणि त्याचेही पैसे भरून बुकिंग. शिवाय शेंगेन व्हिसाला राहायची सोय कागदावर दाखवावी लागते, तिथे गुहा चालत नाही :) आणि तुम्ही मुलांच्या सुट्टीत मे महिना म्हणताय, तेव्हा उत्तरेकडच्या खिंडींत बर्फ असतो आणि हट सांभाळणारा माणूसही आलेला असेलच असं नाही.

आता तुमचं बरोबर काय ते. "नोकरी करणाऱ्याला 18 दिवस कोण देतो" हे तुमचं वाक्य लागलं मला, कारण ज्याला रजा नाही त्याने काय करायचं हे मी लिहिलंच नाही. वाटेच्या मधोमध विझाव्होना आहे, तिथे चक्क रेल्वे स्टेशन आहे, बास्तिया किंवा अजाक्सिओ या शहरांची गाडी मिळते. वाटेच्या उत्तर टोकाच्या कालेंझानाहून विझाव्होनापर्यंत उत्तरेचे 9 टप्पे. तुमच्या 10 रजा आणि आजूबाजूचे तीन वीकेंड मिळून 16 दिवस होतात, त्यात 9 चालायचे, 2 राखीव, बाकी प्रवासात. अवघड आणि देखणा भाग सगळा यातच आहे. दक्षिणेकडचे टप्पे त्यामानाने सोपे, गुडघे कुरकुरत असतील तर ते घ्या. पोस्टमध्ये हे आजच घालते.

जूनच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला बघा. रोख युरो ठेवा, वर कार्डाचा भरवसा नाही. आणि जमलं तर स्वतःचा टेंट न्या, वजन वाढलं तरी चालेल, कारण हटच्या गाद्यांत ढेकूण असतात आणि त्यांना बुकिंग वगैरे काही लागत नाही.