सिंगापूरच्या तोफांनी पाठ फिरवली नव्हती

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय, व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतही हमखास येतो. इंग्रजांनी सिंगापूरच्या अजस्र तोफा समुद्राकडे तोंड करून काँक्रीटमध्ये पक्क्या बसवल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी मागच्या जंगलातून आले. तोफा वळल्याच नाहीत आणि एकही गोळा न डागता बेट पडलं. लाखो लोकांचं आयुष्य उद्ध्वस्त करणाऱ्या पराभवाची अशी चुटकुल्यासारखी वासलात लावलेली मला पटत नाही.

'तोफा वळत नव्हत्या.' बेटावर 15 इंची (नळीचा व्यास 15 इंच) तोफा पाच होत्या: पूर्वेला चांगीजवळच्या जोहोर बॅटरीत, म्हणजे तोफांच्या ठाण्यात, तीन, नैर्ऋत्येला ब्वोना व्हिस्टा इथे दोन. जोहोर बॅटरीतल्या तीनपैकी दोन तोफा चहूबाजूंना फिरत. ब्वोना व्हिस्टाच्या दोन्ही तोफांना मात्र उत्तरेकडे वळता येत नव्हतं. या दंतकथेत खरं आहे ते एवढंच.

'एकही गोळा डागला नाही.' हे तर धडधडीत खोटं. फेब्रुवारी 1942 मध्ये जोहोर बॅटरीने बेट आणि मलाया द्वीपकल्प यांच्यामधल्या जोहोरच्या सामुद्रधुनीपलीकडे आणि बेटावर उतरलेल्या जपानी फौजेवर जवळपास 200 गोळे डागले. कॉनॉट बॅटरीच्या 9.2 इंची तोफाही जमिनीकडे वळवून चालवल्या गेल्या. जोहोर बॅटरीच्या तोफा शेवटी निकामी केल्या त्या इंग्रजांनीच, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून.

मग एवढ्या माऱ्याचा उपयोग का झाला नाही? खरी मेख इथे आहे, आणि फिरत्या मजकुरात नेमकी तीच गायब असते. 15 इंची तोफेचा एक गोळा साधारण 880 किलोचा. कोठारातले बहुतेक गोळे चिलखतभेदी होते. असा गोळा युद्धनौकेचं जाड पोलाद भेदून आत शिरतो आणि मग फुटतो. तोच रबराच्या मळ्यातल्या ओल्या मातीवर पडला की खोल रुततो आणि स्फोटाचा बराचसा जोर मातीच गिळून टाकते. पांगलेल्या पायदळावर हवा तो जमिनीवर आपटताच फुटून तुकडे उडवणारा गोळा. तो 15 इंची तोफांसाठी जवळजवळ नव्हताच, 9.2 इंचीसाठीही तुटपुंजाच होता. शिवाय नेम साधायची सगळी व्यवस्था समुद्रावरचं जहाज टिपण्यासाठी उभारलेली. झाडीत गोळा कुठे पडला हे बघून तोफेला कळवणारं कुणी नसेल तर मारा आंधळाच होणार.

'जमिनीवरून हल्ला होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.' होतं, आणि कागदावरही होतं. मलायातल्या ब्रिटिश फौजेचे प्रमुख विल्यम डॉबी आणि त्यांचे तेव्हाचे सहायक आर्थर पर्सिव्हल यांनी 1937-38 मध्येच बजावलं होतं की जपानी मलाया द्वीपकल्पाच्या ईशान्य किनाऱ्यावर, पावसाळ्यातही, उतरू शकतील आणि तिथून दक्षिणेला सरकतील. 8 डिसेंबर 1941 ला कोटा भारूला आणि त्याच्या उत्तरेला सयामच्या (आजच्या थायलंडच्या) किनाऱ्यावर नेमकं तेच घडलं. द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, सिंगापूरसमोरच्या जोहोरमध्ये तटबंदी उभारण्यासाठी मिळालेला पैसा नगण्य होता.

बाकीची कारणं इथे थोडक्यात, पण तीच निर्णायक होती. सगळी योजना ब्रिटनहून मोठं आरमार येईल या भरवशावर होती. आली ती प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स ही दोन मोठी जहाजं, विमानांच्या संरक्षणाविना समुद्रात गेली आणि 10 डिसेंबरला जपानी विमानांनी दोन्ही बुडवली. मलायात ब्रिटिशांकडे रणगाडे नव्हते, लढाऊ विमानं जुनाट आणि अपुरी होती. ज्यांनी धोका आधी ओळखला होता तेच पर्सिव्हल आता सेनापती होते. बेटावर मुख्य हल्ला ईशान्येकडून येईल असं धरून त्यांनी ताज्या दमाची फौज तिकडे ठेवली. 8 फेब्रुवारीच्या रात्री जपानी उतरले वायव्येला, जिथे ऑस्ट्रेलियन तुकड्या लांबलचक किनाऱ्यावर विरळ पसरल्या होत्या. 15 तारखेला शरणागती झाली.

उरला शेवटचा आरोप, तोफा निरुपयोगी ठरल्याचा. बंदराचं आणि नौदल तळाचं समुद्रातून येणाऱ्या आरमारापासून रक्षण करणं हे त्यांचं काम होतं. समोरून चाल करण्याचा प्रयत्न जपान्यांनी केलाच नाही. जपानी सेनापती यामाशितांची फौज शेकडो किलोमीटर दूर उतरली आणि द्वीपकल्पातून लढत खाली आली. त्या लांब वाटेवर तिला कुठेच थोपवता आलं नाही, याचा जाब चांगीच्या तोफांना कसा विचारणार?