‘सहा दिवे लावूनही ओट्यावर अंधार’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल वाचला. दोन तारे आणि तक्रारी तीन: छतात सहा डाउनलाइट (खाली उजेड टाकणारे दिवे) लावूनही ओट्यावर अंधार, भाजीचा रंग नीट कळत नाही, आणि कॅबिनेटखाली एलईडी दिव्यांची पट्टी लावायची म्हटलं तर आमचा वायरमन ‘टाइल फोडावी लागेल’ म्हणून मोकळा झाला. महिनाभर आम्ही फोन उचलला नाही, ते वेगळंच. गणपतीआधी सगळ्यांनाच काम संपवून हवं असतं, पण ही काही सबब नाही. माफ करा.

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी आणि तिच्यावर बरोबर तुमच्या डोक्याची सावली. चूक कुठे झाली ते तिथेच कळलं. ओटा दोन फुटांचा, आणि दिव्यांची रांग आम्ही घेतली भिंतीपासून साडेचार फुटांवर, वावरायच्या जागेच्या मधोमध. फॉल्स सीलिंगमध्ये रांग सुबक दिसते, पण ओट्याशी उभं राहिलं की दिवे पाठीमागे जातात. मग १२ वॉटचे काढून १८ चे लावले तरी सावली तिथेच. तुमची जुनी चार फुटी ट्यूब ओट्याच्याच भिंतीवर होती, त्यामुळे उजेड समोरून हातावर पडायचा. ‘त्यापेक्षा ट्यूब बरी होती’ असं तुम्ही लिहिलंय, ते अगदी खरं आहे.

‘पट्टी आता सुचवताय, पैसे वाढवायला’ हे मात्र पटलं नाही. पट्टी पहिल्या कोटेशनमध्ये होती, खर्च आवरायला तुम्हीच काढायला सांगितलीत. बजेट तुमचं, त्यात तुमचं काहीच चुकलं नाही. पण तेव्हा डाडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स बसायच्या होत्या, वायरसाठी भिंतीत झिऱ्या मारणं चालूच होतं. पट्टी नको म्हटलं तरी चार फूट पाइप टाकून वायर सोडून ठेवायला हवी होती. हे गिऱ्हाइकाला सुचायची गोष्ट नाही, ते आमचं काम होतं.

टाइल फोडायची गरज नाही. चिमणीचा पॉइंट वरच्या कॅबिनेटमध्ये आहे, तिथून वायर घेऊ. ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटच्या माथ्यावर ठेवू, म्हणजे उद्या बिघडला तर स्टुलावर चढून बदलता येईल. कॅबिनेटच्या तळाला एक बारीक छिद्र पडेल, तेवढंच. पट्टी मागे टाइलला चिकटवून नाही, पुढच्या कडेला बसवायची आणि तोंड भिंतीकडे थोडं तिरकं ठेवायचं. तीही ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये (लांबट खाचेत), दुधी झाकण लावून. उघडी पट्टी लावली तर तुमच्या काळ्या ग्रॅनाइटमध्ये एकेक एलईडी ठिपक्यासारखा दिसेल, शिवाय फोडणीचा चिकटा पुसता पुसता पट्टीच हातात येते. (हे आमच्याच घरी झालंय.)

राहिला रंग. ६५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तसा उजेड पिवळसर) पांढराशुभ्र दिवा तुम्ही पसंत केलात, पण आम्ही तो दाखवला दुकानात, भर दुपारी. रात्री घरात तो दवाखान्यासारखा वाटतो, हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. आणि सध्याच्या दिव्यांचा सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० आहे. कमाल १००. बैठकीच्या खोलीत ८० चालून जातो, पण कांदा नुसता गुलाबी झालाय की करपायला लागलाय हे पाहायचं तर ९० च्या वरचा हवा. पट्टी तशीच लावू, ४००० केल्विनची. डाउनलाइट आहेत तिथेच राहू देत, वावरायला उपयोगी आहेत, फक्त आतले दिवे त्याच रंगाचे बदलू.

सामान आणि मजुरी आमच्याकडून. काम अर्ध्या दिवसाचं आहे. त्याआधी मी स्वतः ३००० आणि ४००० केल्विनचे दोन तुकडे घेऊन येतो, ओट्यावर धरून बघा. फक्त संध्याकाळी सातनंतरची वेळ द्या.